गळ कसा निवडावा

(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी महिनाभर माझ्यामागे लागून मला गळ घातली, म्हणून मी आज येथे उभी आहे. ती गळ आणि मी ज्याविषयी बोलणार आहे तो गळ, शब्द एकच. फरक इतकाच, की आमच्या गळाचा मासा कधीमधी सुटतो. चिटणीसबाईंची गळ मात्र सुटू देत नाही.

माझे शिक्षण यत्ता सातवीपर्यंत झाले आहे. सभेत बोलण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे. आपल्या नांदुऱ्याचे नाव महामार्गावरच्या १०५ फुटी मारुतीमुळे दूरदूर गेले आहे. अशा गावात मी इंच-दीड इंचाच्या वस्तूवर बोलायला निघाले, याचे मला हसू येते. परंतु मंडळाचा नियम असा, की ज्या घरात जे काम चालते त्याची माहिती त्या घरच्या बाईने सांगावी. पापड झाले, शिवणकाम झाले, वाती झाल्या. आमचे घर भोयाचे. माझे वडील पूर्णेकाठी मासे धरीत आणि सासरीही तेच काम. पाण्यात उतरतात ते पुरुष. परंतु गळ विकत आणणे, दोरीला बांधणे, पुसून डब्यात ठेवणे आणि आलेला मासा बाजारात विकणे ही कामे आम्हा बायकांची. म्हणून गळाबद्दल चार शब्द बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजते. सभेत माळकरी भगिनीही बसल्या आहेत. त्यांची मी आधीच क्षमा मागते. त्यांनी हे भाषण हत्याराविषयीचे आहे असे समजून ऐकावे.

गळ ही वस्तू फार जुनी आहे. जपानच्या ओकिनावा बेटावर एका गुहेत शिंपल्याचे गळ सापडले, ते सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे आहेत असे शोधकांनी ठरवले आहे. आपल्याकडे हडप्पा आणि मोहेंजोदडो येथे तांब्याचे गळ निघाले. म्हणजे माणसाला शेती येण्याच्या आधीपासून गळ ठाऊक होता. आमच्या आजेसासूबाई सांगत, की त्यांच्या लहानपणी गळ घरीच करीत. शिवणाची जाड सुई निखाऱ्यात लाल करायची आणि हळूहळू निवू द्यायची, म्हणजे पोलाद मऊ पडते. मग ती वाकवायची, पुन्हा लाल करायची आणि पाण्यात बुडवायची, म्हणजे कडक होते. फार कडक झाली तर काचेसारखी तुटते, म्हणून परत थोडी शेकायची. भाकरी जशी कमीजास्त शेकून चालत नाही, तसेच हे. पुढे मला वाचायला मिळाले की इंग्लंडात रेडिच नावाचे गाव सुयांसाठी प्रसिद्ध होते आणि तेथेच गळांचा धंदा वाढला. सुई आणि गळ या बहिणीच म्हणायच्या. नॉर्वे देशातल्या मुस्ताद कंपनीने १८७७ साली यंत्राने गळ करायला सुरुवात केली आणि तेव्हापासून घरचा गळ मागे पडत गेला.

आता गळाचे अवयव पाहू. मी हा मोठा गळ आणला आहे, तो हातोहात फिरवावा, पण टोकाला बोट लावू नये. वर जे भोक आहे तो डोळा. त्यात दोरी बांधायची. त्याखाली सरळ भाग ती दांडी. मग येतो वाक. वाकाच्या शेवटी टोक, आणि टोकाच्या आत जरा मागे वळलेला बारीक काटा. हा उलटा काटा म्हणजे गळाची सगळी करामत. टोक आत जाताना काटा आडवा येत नाही, परंतु मागे ओढले की तो मांसात रुततो. शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, कारण ती नुसती मोकळी जागा आहे: दांडी आणि टोक यांमधले अंतर. आम्ही त्याला गळाचे तोंड म्हणतो. माशाला तोंड असते तसे गळालाही असते, आणि ही दोन तोंडे एकमेकांशी जुळली तरच काम होते. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावल्यावर हे तोंड बुजून गेले, तर मासा येतो, खातो आणि तोंड पुसून निघून जातो.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. लग्न होऊन मी या गावात आले त्याच वर्षीची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. ह्यांनी मला शंभराची नोट दिली आणि सांगितले, की बाजारातून चार नंबरचे गळ आण. मी दुकानात उभी राहिले आणि मनात विचार केला, की चार नंबर घेण्यापेक्षा चौदा नंबर घ्यावा. गळ मोठा तर मासा मोठा. चपलेचा नंबर वाढला की चप्पल मोठी होते आणि बांगडीचे माप वाढले की बांगडी मोठी होते, एवढाच माझा हिशेब. पुडी कागदात बांधलेली होती, मी उघडूनसुद्धा पाहिली नाही. घरी आल्यावर पाहते तो मुंगीच्या मिशीएवढे गळ!

भगिनींनो, गळाचा नंबर उलटा चालतो. नंबर वाढला की गळ लहान होतो. चौदापेक्षा आठ मोठा, आठपेक्षा चार मोठा, चारपेक्षा एक मोठा. एकाच्या पुढे मात्र हिशेब फिरतो. तेथे आकड्याखाली शून्य लिहितात, १/०, २/०, ३/०, आणि मग आकडा वाढेल तसा गळ मोठा होत जातो. आपण कापसाच्या मुलखातल्या बायका. सुताचा नंबर वाढला की सूत बारीक होते आणि हातशिलाईच्या सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, हे आपल्याला ठाऊक आहे. गळही त्याच जातीचा, एवढे मला त्या दिवशी सुचले असते तर! आणखी एक सांगते. सगळ्या कंपन्यांचे नंबर सारखे नसतात. एकीचा सहा नंबर दुसरीच्या आठाएवढा निघतो. म्हणून नंबरावर न जाता मापाचा एक जुना गळ बुचात खोचून सोबत न्यावा आणि त्याच्याशी लावून नवा घ्यावा. ब्लाउज शिवायला देताना आपण मापाचा ब्लाउज देतो, तसेच.

ते चौदा नंबरचे गळ परत घ्यायला दुकानदार तयार होईना. पैसे तर गेले होते. हे म्हणाले, असू दे, वाया कशाला घालवायचे? त्यांनी लांब दोरीला ते सगळे गळ बांधले आणि रात्री डोहात दोरी टाकली. सकाळी पाहतो तर दोरी माशांनी भरलेली! बोटाएवढे, फार तर वितीएवढे मासे, पण पाटी भरली. माझी चूक फळाला आली असे वाटून मला फार आनंद झाला. दोन महिने रोज तसेच चालले. सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी पाटी पाहून म्हटले, "पोरी, गळ माशाच्या तोंडाले पाहून घ्या लागते, आपल्या तोंडाले पाहून नाही." मला वाटले, सुनेचे कौतुक होते ते त्यांना पाहवत नाही. या बोलण्याचा अर्थ मला दुसऱ्या वर्षी कळला. तो सांगण्याआधी माशांची तोंडे कशी असतात ते सांगते, म्हणजे मुद्दा नीट लक्षात येईल.

रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्या बाजारात नेहमी दिसणारे तीन मासे. तिघे दिसायला भाऊभाऊ, परंतु तोंडे निराळी. कटल्याचे डोके मोठे आणि तोंड वरच्या बाजूला वळलेले, म्हणून तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहूचे तोंड लहान, किंचित खाली वळलेले आणि ओठ जाड, झालरीसारखे. तो खाद्य ओठांनी चोखून आत घेतो, त्याला मोठा गळ चालतच नाही. मृगळ तळाशी खातो. या माशांना लहान तोंडाचा पण जाड तारेचा गळ लागतो, कारण मासा वजनाने मोठा होतो आणि बारीक तारेचा गळ सरळ करून टाकतो. वामीचे तोंड निमुळते आणि ती गळ खोल गिळते. तिच्यासाठी लांब दांडीचा गळ घ्यावा, म्हणजे काढताना दांडी हाती लागते. शिंगाळ्याला मिशा असतात आणि तोंड रुंद असते. तो रात्री तळाशी फिरतो, त्याला रुंद तोंडाचा गळ. मरळीचा जबडा मोठा आणि त्यात दात असतात. ती जिवंत लहान मासा खाते, म्हणून तिला १/० किंवा २/० सारखा मोठा आणि मजबूत गळ लागतो. अलीकडे एक गोल गळही मिळतो. त्याचे टोक आत दांडीकडे वळलेले असते. मासा खाद्य घेऊन वळला, की तो आपोआप तोंडाच्या कोपऱ्यात अडकतो आणि पोटात सहसा जात नाही. त्याला हिसका मात्र द्यायचा नाही. हिसका दिला तर तो निसटतो.

गळ घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. टोक अंगठ्याच्या नखावर हलके टेकवून ओढावे. नखात अडकले तर धारदार, घसरले तर बोथट. दुसरे, डोळ्याची कडी नीट मिटलेली आहे का पाहावी. फट राहिली तर नायलॉनची दोरी तेथूनच कापली जाते. तिसरे, टोक लाकडात खोचून दांडी जरा वाकवून पाहावी. वाकून परत जागेवर आला तर चांगला, वाकून तसाच राहिला तर मऊ, आणि तुटला तर कडक. स्टेनलेस स्टीलचा गळ गंजत नाही म्हणून काहीजणी तोच मागतात. परंतु दोरी तुटून गळ माशाच्या तोंडातच राहिला, तर साध्या पोलादाचा गळ गंजून झिजून जातो आणि स्टेनलेसचा तसाच राहतो, हेही लक्षात ठेवावे. दोरीची गाठ आवळण्याआधी ती ओली करावी. कोरडी आवळली तर घासून तापते आणि दोरी कच्ची होते. काम झाल्यावर गळ गोड्या पाण्याने धुऊन, कोरडे करून, तेलाचे बोट फिरवून ठेवावेत. आपला भाग खारपाणपट्ट्याला लागून, तेव्हा बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुऊ नयेत.

आता जी गोष्ट प्रत्येक आईने ऐकावी अशी आहे ती सांगते. माझा धाकटा मुलगा चार वर्षांचा असताना गळाच्या डब्याशी खेळू लागला आणि एक गळ त्याच्या तळव्यात घुसला. शेजारच्या बाईने प्रेमानेच तो मागे ओढला. पोर असे किंचाळले, की ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे. उलटा काटा मांस फाडत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी जागा बधिर केली, गळ मागे न ओढता पुढे ढकलला, टोक कातडीबाहेर आल्यावर पक्कडीने काटा कापला आणि मग उरलेला गळ आल्या वाटेने सहज काढला. धनुर्वाताची सुई दिली. म्हणून सांगते, गळ रुतला तर कधी मागे ओढू नये. दोरी कापावी, गळ हलणार नाही असे कापड गुंडाळावे आणि दवाखान्यात न्यावे. डोळ्याजवळ रुतला तर हातसुद्धा लावू नये. आणि गळांचा डबा पोराच्या हाती लागेल असा ठेवू नये. ती चूक माझीच होती. त्या दिवसापासून घरच्या लहान गळांचे काटे मी पक्कडीने दाबून टाकते. दोरी ताठ धरली तर बिनकाट्याच्या गळाचा मासाही सहसा सुटत नाही. लक्षद्वीपचे कोळी मोठमोठे कुपे बिनकाट्याच्या गळाने बांबूवर उचलून घेतात.

आता सासूबाईंच्या बोलण्याकडे वळते. दुसऱ्या वर्षी डोहावर दोरी टाकली तर ती रिकामीच येऊ लागली. चार नंबर टाकला, दोन नंबर टाकला, काही नाही. आपली पूर्णा बारमाही भरून वाहत नाही. उन्हाळ्यात धार आटते आणि डोह तेवढे उरतात. त्या डोहांत जे मासे जगतात तेच पुढच्या पावसाळ्याचे बियाणे. पूर आला की रोहू-कटला अंडी घालतात. मरळीची जोडी तर आपल्या पिल्लांची राखण करते. लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर तरंगतो आणि खाली आईबाप फिरत असतात. आदल्या वर्षी आम्ही दोन महिने जे उचलले ते हेच बियाणे होते. पेरणीसाठी राखलेली ज्वारी दळून खाल्ल्यासारखे झाले. त्या वर्षी पाऊसही कमी होता, तेव्हा सगळा दोष गळाचा असे मी म्हणत नाही. परंतु निम्मा तरी माझ्या त्या चौदा नंबरचा होताच. तो उन्हाळा आम्ही कसा काढला ते आमचे आम्हाला ठाऊक. हे वीटभट्टीवर गेले. माझे कानातले गहाण पडले आणि ते सुटले नाही. सासूबाई मात्र त्या बोलण्याची आठवण एकदाही करून देऊन मला टोचल्या नाहीत. त्यांनी एकदा आठवण करून दिली असती तर मला हलके वाटले असते.

आता तलावांत मत्स्यबीज सोडतात. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी सुई टोचून या जातीच्या माशांची अंडी घालवून घेतली, आणि तेव्हापासून बियाणे घरी करता येऊ लागले. म्हणून १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिवस पाळतात. परंतु नदीच्या डोहात बियाणे कोणी आणून सोडत नाही. तेथले बियाणे तेथेच राखावे लागते. पाण्यात सुरुंग उडवणे किंवा विष टाकणे याला कायद्यानेच बंदी आहे. लहान गळाला मात्र पोलीस येत नाहीत. ते ज्याचे त्याने ठरवायचे.

मी ते ठरवले. पूर्णेच्या डोहात चार नंबरपेक्षा बारीक गळ टाकायचा नाही आणि मरळीची पिल्ले दिसली की त्या जागेवर दोरी टाकायची नाही. हे सोपे गेले असे मी सांगणार नाही. ह्यांच्याशी माझे भांडण झाले. आपण सोडलेला मासा पुढे दुसऱ्या कोणी धरला, असे कितीदा तरी घडले. थोरला मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे. तो मला विचारतो, "आई, आपण सोडून काय फायदा? दुसरा धरतेच." याला माझ्याजवळ सातवीच्या शिक्षणात बसणारे एकच उत्तर आहे. दुसऱ्याच्या दोरीला कोणता गळ बांधायचा ते माझ्या हातात नाही, आपल्या दोरीचे आहे. हे उत्तर त्याला पटले की नाही, तो बोलत नाही.

मागच्या महिन्यात त्याला बाजारातून गळ आणायचे होते. मी स्वयंपाकात होते. त्याने फळीवरचा डबा काढला, मापाचा जुना चार नंबर बुचात खोचला आणि खिशात टाकून निघाला. मी काही बोलले नाही. तो चौदा नंबरची उरलेली पुडी बाजूला सारून चार नंबर शोधत होता, एवढे मी चुलीपासून पाहिले.

ती पुडी मी आज येथे आणली आहे. ज्यांना मुंगीच्या मिशीएवढा गळ कसा असतो ते पाहायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर पाहावा. बाजारात गळच घ्यायचा असेल असे नाही. चाळणी घ्या, सुई घ्या, दुसरे काहीही घ्या. आपल्या हातातले हत्यार काय धरणार आणि काय सोडणार, हे दुकानातच ठरलेले असते, म्हणून पुडी उघडून पाहावी.